रोजची कमाई आणि उद्याचे भांडवल



गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायला आपण मला बोलावले, याबद्दल मी आपली ऋणी आहे. गुरुजींनी आयुष्यभर पतसंस्थेचे काम केले आणि त्या कामात त्यांची नजर नेहमी सगळ्यात लहान खातेदारावर असे. त्यांच्या स्मृतीला वंदन करताना त्याच खातेदाराविषयी बोलावे असे मला वाटले. रस्त्याकडेला पथारी मांडणारी भाजीवाली, हातगाडीवर केळी विकणारा, गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या टपरीत बिस्किटे आणि साबण ठेवून बसलेले जोडपे, आठवडे बाजारात बांगड्या, मसाला, सुकी मासळी घेऊन येणारी बाई. या माणसांच्या धंद्याने गरिबी हटते का, आणि हटायची असेल तर आपण काय केले पाहिजे, हा आजचा विषय आहे.

माझे म्हणणे आधीच सांगते. किरकोळ विक्रीचा धंदा गरीब माणसाला उपाशी राहू देत नाही, ही त्याची मोठी ताकद आहे. पण तगून राहणे वेगळे आणि गरिबीतून वर येणे वेगळे. या धंद्यात कमाई होते. ती हातात टिकत नाही. व्याज, जागेची अशाश्वती आणि आजारपण या तीन वाटांनी ती निघून जाते. या तिन्ही वाटा एकट्या विक्रेत्याला बंद करता येत नाहीत. त्यासाठी संघटना लागते, कायदा लागतो आणि गावाची साथ लागते.

महाराष्ट्राने गरिबीचा विचार गंभीरपणे केलेला आहे. 1971 मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा हिशेब मांडला आणि ज्यांच्याकडे उत्पादनाचे साधन नाही त्यांना शासनाने काम दिले पाहिजे, अशी बाजू घेतली. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना प्रत्यक्ष उभी राहिली. हे आपल्या राज्याने देशाला दिलेले देणे आहे. पण या सगळ्या विचारात गरीब माणूस आपल्यापुढे आला तो मजूर म्हणून. कामावर घेणारे कोणी नसते तेव्हा माणूस स्वतःच स्वतःला कामावर घेतो. त्याचा विचार मागे पडला. जवळपास त्याच काळात कीथ हार्ट हे मानववंशशास्त्रज्ञ घानातल्या अक्रा शहरात राहून लोकांच्या कमाईच्या वाटा पाहत होते. सरकारी कागदावर ज्यांना बेकार म्हणत ती माणसे दिवसभर काही ना काही विकत, दुरुस्त करत, वाहून नेत होती, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा लेख 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून अर्थशास्त्रात ‘अनौपचारिक क्षेत्र’ हा शब्द रुळला.

आपल्याकडे हे क्षेत्र केवढे आहे? केंद्र सरकारच्या असंघटित उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार 2023-24 मध्ये देशात शेती आणि बांधकाम सोडून सुमारे 7.34 कोटी लहान धंदे होते. त्यांत काम करणारी माणसे 12 कोटींहून थोडी अधिक. म्हणजे सरासरीने एका धंद्यामागे दोन माणसेही नाहीत. यात लहान कारखानेही आले, न्हाव्याचे दुकानही आले आणि किराणाही आला. बहुतेक ठिकाणी मालक, नोकर, हमाल आणि हिशेबनीस एकच माणूस असतो.

एका दिवसाचा हिशेब

हा माणूस दिवस कसा काढतो, ते जवळून पाहू. भाजीवालीचेच घेऊ, कारण तिचा धंदा सगळ्यांत नाशवंत.

पहाटे मार्केट यार्डात सौदे सुरू होतात तेव्हा ती तिथे हजर असते. पूर्ण क्रेट परवडत नाही, म्हणून दोघी-तिघी मिळून एक क्रेट घेतात आणि वाटून घेतात. मेथी-कोथिंबिरीचा शेकडा घेतला तर जुड्या सोडायच्या, पिवळी पाने काढायची, काड्या झटकायच्या आणि पुन्हा बांधायच्या. शेकड्याच्या शंभर जुड्या भरतातच असे नाही. टेम्पोचे भाडे, हमाली, पिशव्या. नेहमीच्या जागी पोते अंथरून माल मांडला की भवानीची वाट बघायची. दहा-अकरापर्यंत गिऱ्हाईक असते. दुपारी ऊन चढले की ओले गोणपाट टाकून पालेभाजी जगवायची. संध्याकाळी पुन्हा गर्दी होते, पण तोवर सकाळची जुडी मलूल पडलेली असते आणि भाव निम्म्यावर येतो. दिवे लागल्यावर उरलेल्याचे वाटे करून मिळेल त्या पैशाला द्यायचे. जे जात नाही ते घरी शिजते.

हे सगळे करताना ती दिवसभर पाणी बेताने पिते, कारण जवळपास बायकांसाठी स्वच्छतागृह नसते. मूत्रमार्गाचे विकार या बायकांच्या इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांना त्या आजार म्हणतही नाहीत.

आता पैशांकडे येऊ. पहाटे माल उचलायला लागणारे भांडवल बऱ्याच जणींकडे स्वतःचे नसते. बाजारात सकाळी पैसे देणारा आणि संध्याकाळी वसूल करणारा माणूस असतो. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारातल्या फळविक्रेत्यांचा अर्थशास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला आहे. तिथे सकाळी उचललेल्या हजारावर संध्याकाळी साधारण 50 रुपये व्याज पडे. दिवसाला 5 टक्के. वर्षातले 300 दिवस धंदा केला तर त्या हजारावर 15,000 रुपये व्याज जाते, आणि मुद्दल रोज फेडूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा उसनेच घ्यावे लागते. तेच हजार रुपये एखाद्या पतसंस्थेने वर्षाला 14 टक्क्यांनी दिले तर वर्षाचे व्याज होते 140 रुपये.

या हिशेबाची दुसरी बाजूही पाहा. समजा तिने रोज 10 रुपये बाजूला टाकले आणि तेवढेच पैसे दुसऱ्या दिवशी कमी उसने घेतले. जे व्याज वाचेल तेही त्यातच घातले. मी हा हिशेब कागदावर मांडून पाहिला आहे. 37 व्या दिवशी तिचे स्वतःचे हजार रुपये उभे राहतात. सव्वा महिन्यात सावकार सुटतो आणि त्यानंतरचे रोजचे 50 रुपये तिचे होतात.

हे ऐकल्यावर पुष्कळ जण पटकन म्हणतात, ‘मग बचत का करत नाहीत?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने त्या सव्वा महिन्यात काय काय घडते ते बघावे. पोराला ताप येतो आणि दोन दिवस पथारी लागत नाही. अवकाळी पाऊस येतो आणि अख्खा माल भिजतो. अतिक्रमण विभागाची गाडी येते आणि पाटीसकट माल उचलून नेते. नात्यात लग्न निघते. दहा-दहा रुपयांची ती रक्कम घरात डब्यात ठेवलेली असते आणि घरातल्या प्रत्येकाला ती दिसत असते. याच विषयावर डीन कार्लान, सेंधिल मुल्लैनाथन आणि बेंजामिन रॉथ यांनी चेन्नईत आणि फिलिपीन्समध्ये एक प्रयोग केला. विक्रेत्यांचे सावकाराचे देणे संशोधकांनीच एकदम फेडून टाकले. बहुतेक विक्रेते काही काळाने पुन्हा त्याच कर्जात आले. यातून ‘गरिबांना शिस्त नाही’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो मला मान्य नाही. माझ्या मते कर्ज एकदा फेडले तरी कर्ज काढायला लावणारी कारणे जागच्या जागी असतात. खिशात धक्का सोसण्याइतकी शिल्लक नसली की पहिल्याच धक्क्याला भांडवल खर्च होते.

कर्ज मिळाले की झाले का?

बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी 1976 मध्ये जोब्रा गावातल्या 42 जणांना मिळून 27 डॉलर एवढी रक्कम दिली आणि त्यांची सावकारापासून सुटका केली. त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली. पुढे ‘सूक्ष्मकर्ज’ म्हणजे गरिबीवरचे औषध, असा समज जगभर पसरला. आपल्याकडेही मायक्रोफायनान्स कंपन्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या.

या समजाची तपासणी हैदराबादच्या वस्त्यांत झाली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वस्त्यांत कर्ज पोहोचल्यावर काय बदलले आणि बाकीच्या वस्त्यांत काय झाले, याची तुलना केली. 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी धंद्यात पैसा घातला, काहींनी तो वाढवलाही. पण सरासरी कुटुंबाच्या एकूण खर्चात, म्हणजे राहणीमानात, फारशी वाढ झाली नाही. कर्ज निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. कर्ज हे साधन आहे. ते कुणाच्या हातात, कोणत्या वेळी आणि कोणत्या अटीवर पडते यावर सगळे ठरते. दर आठवड्याला ठरलेला हप्ता भरायचा असेल तर माणूस जोखीम घेत नाही. तो धंद्यात पैसा गुंतवण्याऐवजी हप्त्यापुरती रोकड हाताशी ठेवतो.

श्रीलंकेतला एक अभ्यास मला अधिक बोलका वाटतो. डी मेल, मॅकेन्झी आणि वुडरफ यांनी अगदी लहान धंदेवाल्यांना कर्ज न देता 10,000 किंवा 20,000 रुपयांचे भांडवल देऊनच टाकले. सरासरी परतावा निघाला महिन्याला सुमारे 5 टक्के. कोणतीही बँक देणार नाही असा हा परतावा आहे. लहान धंद्यात पैसा कमी पडतो, अक्कल कमी पडत नाही, याचा हा पुरावा. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. पुरुषांच्या धंद्यात परतावा दिसला, बायकांच्या धंद्यात जवळजवळ दिसलाच नाही. पुढे श्रीलंका, भारत आणि घाना इथली माहिती पुन्हा तपासली तेव्हा उलगडा झाला. बाईच्या नावावर आलेले भांडवल अनेकदा घरातल्या पुरुषाच्या धंद्यात जात होते. ज्या घरात धंदा करणारी ती एकटीच होती, तिथे तिचा परतावा पुरुषांच्या बरोबरीचा होता. म्हणून नुसते बाईच्या नावावर कर्ज काढून भागत नाही. त्या पैशावर तिचा ताबा राहील अशी व्यवस्था करावी लागते.

बायकांनी उभ्या केलेल्या संस्था

अशी व्यवस्था आपल्या देशात बायकांनीच करून दाखवली आहे. अहमदाबादेत इला भट्ट यांनी 1972 मध्ये ‘सेवा’ ही संघटना स्थापन केली. भाजीवाल्या, जुने कपडे विकणाऱ्या, डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या बायकांची ती संघटना. बँका त्यांना दारात उभ्या करत नव्हत्या. 1974 मध्ये 4,000 बायकांनी प्रत्येकी 10 रुपये भाग घालून स्वतःची बँक काढली. सही येत नाही म्हणून बँका परत पाठवत होत्या, तर यांनी पासबुकावर फोटो लावायची पद्धत काढली.

मुंबईत गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांची गोष्ट तर आपल्या घरची. गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या या बायका. कामगार पगाराच्या दिवशी पैसे देणार, तोवर धान्य, तेल, सरपण सगळे वाण्याकडून उधारीवर आणायचे आणि त्या उधारीवर चढे व्याज मोजायचे. रोज वीस-वीस माणसे जेवू घालणाऱ्या बाईच्या घरात शिल्लक काही राहत नसे. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत आणले. एकमेकींच्या शब्दावर दिलेले ते कर्ज होते. वाण्याचे देणे सुटल्यावर त्याच स्वयंपाकातून त्याच बाईला नफा दिसू लागला. तिने भाकऱ्या जास्त थापल्या नव्हत्या. भाकरीमागे जाणारे व्याज थांबले होते.

माणदेशातली हकिकत अशीच. सातारा जिल्ह्यातले म्हसवड हे दुष्काळी गाव. तिथे लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यात घरावर टाकायच्या ताडपत्रीसाठी थोडे थोडे पैसे साठवायचे होते. एवढ्या लहान रकमेचे खाते उघडायला बँक तयार नव्हती. चेतना सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचे ठरवले, तर प्रवर्तक बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. काही महिन्यांनी त्या बायका पुन्हा गेल्या. कोणतीही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांना यंत्राशिवाय काढू द्या, असे त्यांनी सांगितले. परवाना मिळाला आणि 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेची माणसे बाजारात, दारात जाऊन पैसे गोळा करू लागली. आठवडे बाजारात बसणाऱ्या बायकांना बाजाराच्या गरजेप्रमाणे पैसे उचलता आणि भरता यावेत अशी कॅश क्रेडिटची सोयही या बँकेने केली.

सावकार टिकतो तो पहाटे चार वाजता हजर असतो म्हणून. तो कागद मागत नाही, जामीनदार मागत नाही. आपली संस्था साडेदहाला शटर उघडणार असेल तर दर कितीही कमी असो, भाजीवालीला तिचा उपयोग नाही. या तिन्ही संस्थांनी गिऱ्हाइकाच्या वेळेला आणि सवयीला स्वतःला जुळवून घेतले, हे त्यांच्या यशाचे मर्म आहे.

बसायला जागा आणि घ्यायला गिऱ्हाईक

भांडवलाइतकीच जागा महत्त्वाची. नेहमीच्या जागेवर बसणारीला नेहमीचे गिऱ्हाईक मिळते, तिची उधारी वसूल होते, अडत्या तिला माल उधार देतो. तिला रोज जागा बदलायला लावली तर हे सगळे तुटते.

न्यायालयाने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. 1985 च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. 1989 च्या सोदान सिंग खटल्यात रस्त्यावर विक्री करणे हा व्यवसाय करण्याच्या मूलभूत हक्कात येतो, अर्थात वाजवी निर्बंधांसह, असे सांगितले. मुंबईच्या फेरीवाला संघटनांनी न्यायालयात वर्षानुवर्षे झगडा दिला. पुण्यात बाबा आढावांनी हमालांप्रमाणे पथारीवाल्यांनाही संघटित केले. अशा अनेकांच्या लढ्यातून 2014 मध्ये पथविक्रेता कायदा आला.

हा कायदा चांगला आहे, आणि तो प्रत्येक विक्रेत्याला तोंडपाठ असायला हवा. शहरातल्या विक्रेत्यांचे सर्वेक्षण दर पाच वर्षांनी झाले पाहिजे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणाला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. हलवायचे असेल तर 30 दिवसांची नोटीस. जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी परत, इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत. दशक उलटून गेले तरी कितीतरी शहरांत समित्या कागदावर आहेत, निवडणुका रखडल्या आहेत आणि उचललेली भाजी दुसऱ्या दिवशी कुजलेली परत मिळते किंवा मिळतच नाही. एका जप्तीत त्या सव्वा महिन्याची सगळी बचत जाते. गरिबी हटवण्यावर खर्च करणारे शासन आणि पाटी उचलणारी गाडी एकाच सार्वजनिक पैशावर चालतात, ही विसंगती आपण किती काळ चालू ठेवणार?

जागेनंतर प्रश्न येतो गिऱ्हाइकाचा. बाजार सगळ्यांना सारखा नसतो, हे कोल्हापूरकरांना मी वेगळे सांगायला नको. गंगाराम कांबळे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत चाकरीला होते. अस्पृश्य मानलेल्या जातीतले असून हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली, तेव्हा महाराज परगावी होते. परत आल्यावर महाराजांनी त्यांना चाकरीतून मोकळे केले आणि स्वतःचा धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. भांडवल होते, जागा होती, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी फिरकेना. मग महाराज स्वतः आपली गाडी त्या दारात थांबवू लागले, तिथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावू लागले. आजच्या भाषेत सांगायचे तर महाराजांनी गंगारामांना भांडवल, जागा आणि बाजारपेठ या तिन्ही गोष्टी दिल्या, आणि तिसरी सर्वांत अवघड होती. आजही खाद्यपदार्थांच्या धंद्यात दलित, भटक्या आणि मुस्लिम विक्रेत्यांना नाव लपवावे लागते, अशी उदाहरणे आपल्याला माहीत आहेत. जिथे नाव कळताच गिऱ्हाईक पाठ फिरवते तिथे कोणतीही योजना पुरी पडत नाही.

या वाटेच्या मर्यादा

मी या धंद्याची बाजू घेते आहे, म्हणून त्याच्या मर्यादाही मलाच सांगितल्या पाहिजेत. एका गल्लीत चार टपऱ्या आहेत आणि कर्ज काढून पाचवी उघडली, तर गल्लीतली माणसे जास्त साबण वापरू लागत नाहीत. आहे तोच गल्ला पाच जणांत वाटला जातो. गावाच्या हातात पैसा येतो तो शेतीतून, कारखान्यातून, मजुरीतून. तो आटला की आठवडे बाजारही ओस पडतो. दुष्काळी वर्षात बाजारात फिरून पाहा. विकणारे तेवढेच असतात, घेणारे नसतात. म्हणून रोजगार हमी, शेतीचे पाणी आणि किरकोळ धंदा यांना एकमेकांचे पर्याय मानू नये. रोजगार हमीची मजुरी वेळेवर झाली की त्या आठवड्यात टपरीचा गल्ला वाढतो.

शिवाय सगळ्यांत गरीब माणसाला नुसता धंदा देऊन चालत नाही. त्याच्या पोटाला आज काही नसेल तर विकायला दिलेला माल तो खाणारच, आणि त्यात चूक काही नाही. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने 2002 पासून वेगळी पद्धत सुरू केली. साधन द्यायचे, त्याबरोबर काही महिने पोटापुरता भत्ता, बचतीची सवय, आजारात मदत आणि दर आठवड्याला घरी येऊन विचारपूस करणारा कार्यकर्ता. सहा देशांत या पद्धतीची तपासणी झाली आणि बहुतेक ठिकाणी मदत संपल्यानंतरही कुटुंबांची स्थिती सुधारलेली राहिली. बिहारमध्ये 2016 च्या दारूबंदीनंतर दारू-ताडीवर पोट असलेल्या आणि इतर अतिगरीब कुटुंबांसाठी 2018 मध्ये याच धर्तीवर सतत जीविकोपार्जन योजना आली. त्यातून अनेक बायकांनी गावात लहान किराणा दुकाने टाकली. ज्यांच्या हाती काहीच नाही त्यांच्यासाठी हा मार्ग महाराष्ट्रातही आणायला हवा.

नवे आव्हानही आहे. शहरांत दहा-पंधरा मिनिटांत भाजी आणि किराणा घरपोच देणाऱ्या कंपन्या आल्या आहेत. त्या तोटा सोसून भाव पाडू शकतात, पथारीवाली एक दिवसही तोटा सोसू शकत नाही. पण तिच्याकडे आणि टपरीवालीकडे असलेल्या काही गोष्टी कंपन्यांकडे नाहीत. टपरीवाली 10 रुपयांची चहापत्ती देते, पाव किलोच्या आतले तेल देते, पगार होईपर्यंत थांबते. हातावर पोट असलेल्या घराला असाच दुकानदार लागतो. गरीब विक्रेता जगला की गरीब गिऱ्हाईकही जगते. पथारीवालीचे भाव स्पर्धेत टिकायचे असतील तर खरेदी एकत्र झाली पाहिजे. वीस पथारीवाल्यांनी मिळून थेट शेतकऱ्यांच्या गटाकडून माल उचलला, एकच टेम्पो केला, तर दोन्ही टोकांना चार पैसे सुटतात. सहकाराच्या या भूमीत हे जमू नये असे काही नाही.

आपण काय करायचे

2020 च्या टाळेबंदीने सगळ्यांना एक गोष्ट दाखवली. दोन महिने रस्ते बंद राहिले आणि वर्षानुवर्षे धंदा करणाऱ्या माणसांचे भांडवल घरखर्चात संपून गेले. 1 जून 2020 ला केंद्राने पीएम स्वनिधी योजना आणली. तेव्हा पहिल्यांदा 10,000 रुपये मिळत, फेडले की 20,000, मग 50,000. 2025 मध्ये योजनेला 2030 पर्यंत मुदतवाढ मिळाली आणि पहिली रक्कम 15,000 झाली. 68 लाखांहून अधिक विक्रेत्यांपर्यंत ती पोहोचली आहे. रस्त्यावरच्या विक्रेत्याला बँकेने खातेदार म्हणून ओळखले, ही फार मोठी गोष्ट आहे. पण हप्ता भरायला जागेवर बसता आले पाहिजे. बँकेने दिलेल्या कर्जातून घेतलेली हातगाडी पालिकेने उचलली तर कर्ज तेवढे डोक्यावर राहते.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण करा, समितीच्या निवडणुका घ्या, आणि जप्तीचे नियम प्रत्येक बाजारात मराठीत, मोठ्या अक्षरात लावा. प्रत्येक बाजारात पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह, सावलीसाठी छप्पर आणि लहान मुलांसाठी पाळणाघर द्या. पालिका रोज पावती फाडते, तो पैसा आधी तिथेच खर्च करा. गावच्या पतसंस्थांनी पहाटे मार्केट यार्डात टेबल मांडावे आणि सकाळी उचल, संध्याकाळी भरणा असे खाते सुरू करावे. पिग्मी गोळा करणारी माणसे त्यांच्याकडे आहेतच. त्याच खात्याला आजारपणाचा निधी जोडावा. सरकारी आरोग्य योजनेतून ऑपरेशनचा खर्च निघतो, पण पथारी बंद राहिलेल्या दिवसांची कमाई कोणी देत नाही. रोजचे दोन-चार रुपये गोळा करून, त्यात पालिकेने आणि संस्थेने भर घालून, आजारी बाईला दिवसाची काही रक्कम देता येईल. तेवढ्याने भांडवल शाबूत राहील.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपलेही कर्तव्य आहे. मॉलमध्ये छापील किंमत निमूट देणारे आपण जुडीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. ते दोन रुपये आपल्या खर्चात दिसत नाहीत, पण तिच्या रोजच्या बचतीच्या दहा रुपयांत ते दिसतात.

यातली एकही गोष्ट नव्या कायद्यावाचून अडलेली नाही. कायदा आहे, संस्था आहेत, करून दाखवलेली उदाहरणे आहेत. उणीव आहे ती पाठपुराव्याची. गुरुजी संस्थेच्या वार्षिक सभेत हिशेब उघडून बसत आणि शेवटच्या खातेदाराचे काय झाले ते विचारत. महापालिकेच्या अंदाजपत्रकाबाबत आपण तेच करू. पुढचे अंदाजपत्रक मांडले जाईल तेव्हा बाजारातल्या स्वच्छतागृहांसाठी, सर्वेक्षणासाठी आणि आजारपणाच्या निधीसाठी किती रक्कम ठेवली, हे विचारायला मी विक्रेत्या बायकांबरोबर जाणार आहे. या सभागृहातल्या प्रत्येकाने त्या दिवशी आमच्याबरोबर यावे, एवढी विनंती करते आणि थांबते.